आज गाडीत कोन होतं?

आंजीत बापूराव उरकुडे कुठं राहतात, असं विचारलं तर चौकातली माणसं डोकं खाजवतील. पण मिशीवाले मास्तर म्हटलं, की शाळेतून घरी निघालेलं पोरही तुम्हाला थेट त्यांच्या फाटकाशी आणून सोडेल. एसटीत कंडक्टर म्हणून, म्हणजे लोकांच्या तोंडी मास्तर म्हणून, त्यांनी उभा जन्म काढला, त्यातला बराचसा समुद्रपूरच्या रस्त्यावर. मिशी अशी घनदाट, की वरचा ओठ गावानं दोनदाच पाहिला. एकदा बाप गेला तेव्हा आणि एकदा माय गेली तेव्हा. एरवी त्या ओठाला ऊन माहीत नव्हतं.

ड्युटीवरून आले, पाय धुतले, खाटेवर टेकले, की नलू चहाचा कप पुढे ठेवायची आणि विचारायची, "आज गाडीत कोन होतं?" मग मास्तरांचं सुरू व्हायचं. वरातीतला नवरदेव चुकून दुसऱ्याच गाडीत बसला होता. एका म्हातारीच्या पिशवीतली कोंबडी सुटून ड्रायव्हरच्या डोक्यावर बसली होती. समुद्रपूरच्या बाजारातून परतणारी एक बाई उतरायच्या फाट्यापर्यंत रडली आणि उतरताना हसून रामराम करून गेली. नलू पदर तोंडाशी धरून हसायची, मधेच "मंग?" म्हणायची. ती शाळेत गेली नव्हती, माहेर सोडून फारशी कुठं हिंडली नव्हती. सारा जिल्हा तिनं नवऱ्याच्या तोंडून पाहिला होता. मास्तर रिटायर झाले, गाडी संपली, पण प्रश्न तोच राहिला. मग ते चौकातल्या, डेअरीवरच्या गोष्टी सांगायचे, आणि थोडं तिखटमीठ लावून तिच्यापुढे ठेवायचे. खरं सांगायचं तर त्या दोघांच्या संसारात दागदागिना म्हणून काही असेल, तर तो एवढाच होता.

आणि नेमके नलूचे कान गेले.

कान काही एका दिवसात जात नाहीत. आधी कुकरच्या शिट्ट्या गेल्या आणि वरण करपलं. मग फाटकाची कडी गेली. मग मास्तर कोंबडीची गोष्ट सांगत असताना ती नको तिथं हसली, आणि मास्तर सांगता सांगता थांबले. दिवाळीला मुलगा मुकेश पुण्याहून आला, त्यानं आईला वर्ध्याला नेलं आणि चांगल्या दुभत्या म्हशीच्या किमतीची कानाची मशीन घेऊन दिली. ती मोबाइलवरच्या अ‍ॅपनं चालायची. मुकेशनं सगळं जोडून दिलं आणि तो गेला.

संक्रांतीपर्यंत घरात आनंदीआनंद होता. नलूला स्वतःच्या बांगड्या ऐकू आल्या आणि ती हात हलवत बसली. "तुमी रातच्याले किती घोरता हो!" असं तिनं सकाळी सकाळी जाहीर केलं. संध्याकाळी चहा आला, प्रश्न आला, आणि मास्तरांनी साठवून ठेवलेल्या सगळ्या गोष्टी एका दमात सांगून टाकल्या.

मग एक दिवस अ‍ॅप आपणहून नवीन झालं. कोणी सांगितलं होतं त्याला? चांगलं चाललेलं असताना सुधारायची खाज या कंपन्यांना का सुटते, ते देव जाणे. नवीन झालेल्या अ‍ॅपनं जुनी ओळख विसरून पुन्हा नंबर मागितला, आणि ओटीपीचे आकडे पाठवले मुकेशच्या ऑफिसच्या जुन्या सिमवर. ते सिम दिवाळीनंतर मुकेशनं नोकरी बदलली तेव्हा बंद झालेलं. आकडे सांगितल्याशिवाय मशीन उघडेना आणि आकडे बंद नंबराशिवाय कुठं जाईनात. नलूच्या कानात मशीन होती, पण मुकी.

मुकेशनं पुण्याहून खटपट केली, तिथंही भिंतच लागली. शेवटी मास्तरांनी मदत केंद्राला फोन लावला. मराठीसाठी हे दाबा, हिंदीसाठी ते दाबा, मग गाणं, मग एक गोड आवाजाची बाई. "सर, आम्ही तुमच्या तक्रारीचं तिकीट काढलं आहे," ती म्हणाली.

"बाई, मी आयुष्यभर तिकिटंच फाडली," मास्तर म्हणाले. "तिकीट काढलं का मानूस गाडीत बसते. माही गाडी कुठं हाय?"

बाईला काही ते समजलं नाही. तिनं आणखी काही मदत हवी आहे का, असं विचारलं आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मास्तर इरेला पेटले. रोज चहाच्या वेळी, म्हणजे कंपनीच्या माणसांना फुरसत असते असं त्यांना वाटे त्या वेळी, ते ओसरीवर बसून फोन लावायचे. फोनमधून गाणं वाजत राहायचं. नलू चहा ठेवून समोर बसायची आणि त्यांच्या तोंडाकडे पाहायची. ते बोट वर करून 'थांब' म्हणायचे. ती थांबायची. चहावर साय धरायची.

उन्हाळ्यात ते तिला घेऊन वर्ध्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात गेले. तिथं कानाच्या विभागात स्पीकरवरून नंबर पुकारत होते. बहिऱ्या माणसांना हाका मारून बोलावणारी ती व्यवस्था पाहून मास्तरांचं टाळकंच फिरलं, पण भांडणार कोणाशी, स्पीकरशी? त्यांनी शेजारच्या चार म्हाताऱ्यांचे नंबरही लक्षात ठेवले आणि आपली बस सुटत असल्यासारखे एकेकाला उठवून आत पाठवले. मग नलूची पाळी आली.

तपासणाऱ्या मुलीचं नाव समीक्षा. तिनं मशीन पाहिली, फोन पाहिला आणि मान हलवली. "काका, याला कंपनीचं कुलूप आहे. ते आमच्यानं उघडत नाही. मी काकूंचं नाव साध्या मशीनसाठी लावून ठेवते. तिला अ‍ॅप लागत नाही, बटण असतं. आली की फोन करते. तोवर एक सांगू? काकू ओठ वाचतात."

"वाचते? तिले तर सही येत नाई."

समीक्षा नलूकडे वळली आणि आवाज न काढता फक्त ओठ हलवले.

"झालं नं बाई जेवन," नलू लगेच म्हणाली. "पोळी अन् वांग्याची भाजी आनली होती डब्यात."

मास्तर पाहतच राहिले. समीक्षा म्हणाली, "आता तुम्ही विचारा." मास्तरांनी घसा खाकरला आणि आवाज न काढता विचारलं, पाणी पाहिजे का. नलूनं डोळे बारीक केले, मान तिरपी केली, मग हसली. "मले तं नुसते केस हालताना दिसून राह्यले."

"मिशी काढा काका," समीक्षा म्हणाली. "सगळी नाही तर ओठावरची तरी बारीक करा. आज संध्याकाळपासून तुमचं बोलणं सुरू होईल."

ते मात्र नलूला नेमकं समजलं. तिनं दोन बोटांची कात्री केली आणि नवऱ्याच्या मिशीपुढे कच-कच चालवून दाखवली. मागे रांगेतली माणसं पाहत होती. मास्तर तावातावानं म्हणाले, "मिशी माय-बापासाठी काढतात बाई. बायकोसाठी कोनी काढते काय?"

रांग खदखदून हसली. नलूला बोललेलं कळलं नव्हतं, पण सगळे हसताहेत म्हणून तीही हसली.

ते हसणं पुढे मास्तरांना फार जाळणार होतं. तेव्हा मात्र ते मिशीवर पालथी मूठ फिरवून बाहेर पडले. आता खरं काय ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, माणूस नुसता अडेलतट्टू होता. अडेलतट्टू होताच, पण आत भीतीही होती. वरचा ओठ उघडा पडला तेव्हा दोन्ही वेळा घरातून माणूस गेलेलं होतं. माणूस जातं म्हणून मिशी उतरते, हे त्यांना कळत नव्हतं थोडंच? पण मिशी उतरली तर माणूस जाईल, असं उलटं गणित मनात कुठंतरी घट्ट बसलं होतं. आणि घरात जायला उरलं होतं कोण? ते स्वतः आणि नलू. ही गोष्ट ते मेले तरी कोणाला सांगणार नव्हते. म्हणून मग अभिमानाच्या गोष्टी केल्या आणि कंपनीवरचा राग वाढवला. ज्यानं बिघडवलं त्यानंच दुरुस्त करून दिलं पाहिजे, मी काऊन माही मिशी देऊ, असं ते चौकात सांगत सुटले.

नलूनं मात्र आपली घडी बसवून घेतली. दूधवाल्याला ती उजेडाकडे तोंड करून उभं करायची. शेजारच्या छायाशी चुलीपाशी बसून तासन् तास बोलायची, कारण छायाला मिशी नव्हती. टीव्हीचा आवाज बंद ठेवून मालिका पाहायची आणि कोण कोणाशी खोटं बोलतंय ते बरोबर ओळखायची. कुकरला हात लावून शिट्टी मोजायची. साऱ्या गावाशी तिचं बोलणं चालू होतं. ज्याच्या तोंडून तिनं जिल्हा पाहिला, त्याच्याशी तेवढं बंद होतं.

एकदा चहाच्या कपाशेजारी तिनं शिवणाच्या डब्यातली लहान कात्री आणून ठेवली. आणि समोर बसली. त्याच दिवशी कंपनीचं पाकीट आलेलं. मशीनच आली, असं मास्तरांना वाटलं. त्यांनी ती कात्री उचलली आणि पाकिटाची कड कापली. आत मशीन नव्हती, चार्जिंगची वायर होती, आणि तीही दुसऱ्याच कोणत्या तरी मशीनची. मास्तरांनी तिथल्या तिथं फोन लावला. गाणं सुरू झालं. नलूनं कात्री उचलून पदराला पुसली आणि डब्यात परत ठेवली. पुन्हा काही ती बाहेर आली नाही.

पोळा झाला आणि नलूला ताप भरला. आधी साधा वाटला, मग दम लागू लागला. मास्तरांनी गाडी करून तिला त्याच दवाखान्यात नेलं. फुप्फुसात पाणी आहे, हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. माणसं चांगली होती, धावपळ करत होती, पण प्रत्येकाच्या तोंडावर मास्क. नर्स येऊन काही विचारायची, डॉक्टर काही सांगायचे, आणि नलू एका मास्ककडून दुसऱ्याकडे पाहत राहायची. मशीन मुकी झाली त्या दिवशीही ती इतकी बहिरी नव्हती. आता तिचे डोळेही निकामी करून टाकल्यासारखे झाले होते.

खबर कळल्यावर समीक्षा वॉर्डात आली. खाटेशी वाकली, स्वतःचा मास्क खाली केला आणि हळूहळू विचारलं. नलूचा चेहरा उजळला. "छातीत दुखत नाई," ती म्हणाली. "दम लागते. अन् तहान लागली." कोणालाच माहीत नव्हतं की तिला तहान लागली आहे.

बाहेर आल्यावर समीक्षा म्हणाली, "काका, ती साधी मशीन मागेच आली होती हो. मी ड्युटी संपली की संध्याकाळी कितीदा फोन केला, तुमचा फोन सदा दुसऱ्या कॉलवर. घरचा पत्ता पण नीट नव्हता. शेवटी दुसऱ्या आजोबांना द्यावी लागली."

मास्तरांनी हातातल्या फोनकडे पाहिलं.  ज्या फोनवर मशीनची खबर येणार होती, तोच फोन त्यांनी मशीन मागण्यात अडकवून ठेवला होता.

ते आत गेले. मास्क हनुवटीखाली ओढला आणि नलूजवळ बसले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ऑक्सिजनच्या नळीतून श्वास घेत, अडखळत, पण अगदी नेहमीच्या सुरात तिनं विचारलं, "आज गाडीत कोन होतं?"

 किती महिन्यांनी हा प्रश्न आला होता! त्यांनी तोंड उघडलं. दवाखान्यात येतानाच्या गाडीतलीच गोष्ट होती, तापानं डोळे मिटून पडलेल्या नलूला न दिसलेली; ड्रायव्हर पोरगा घाबरून चुकीच्या गल्लीत शिरला आणि एका गणपतीच्या मांडवापुढे जाऊन उभा राहिला, आणि मांडववाले त्यांनाच पाहुणे समजून नारळ घेऊन धावले. नलू हसून हसून बेजार झाली असती. ते सांगू लागले. ती डोळे ताणून मिशीकडे पाहत होती. मग तिनं हळूच हात उचलला. सुई लावलेला हात, त्याची दोन बोटं. कात्री एकदाच उघडली आणि मिटली.

"काढतो," मास्तर म्हणाले. "आत्ता खाली जातो अन् काढून येतो. दवाखान्यासमोर सलून हाय." आणि ते खरंच उठले.

तेवढ्यात फोन वाजला. कंपनी. इतके दिवस यांनी लावलेला फोन, आज तिकडून आलेला. वॉर्डात बोलायचं नव्हतं, म्हणून ते धावत जिन्यापाशी गेले. यावेळी मोठा साहेब होता. चूक मान्य आहे म्हणाला, नवीन मशीन मंजूर झाली म्हणाला, नाव-पत्ता पुन्हा एकदा सांगा म्हणाला. मास्तरांनी सगळं सांगितलं, मग इतक्या महिन्यांचा साठलेला रागही सांगितला, चांगला पोटभर. साहेब ऐकत राहिला. लढाई जिंकली होती. सलून त्यांच्या डोक्यातून साफ निघून गेलं.

ते तसेच परत आले, त्याच मिशीनं. "नलू, मशीन मंजूर झाली! आता सारं ऐकू येते तुले!" हातवारे करून, कानाकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं. नलूनं मान हलवली. समजलं नाही की ती अशीच मान हलवायची, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. मास्तरांनी ती मान ओळखली. उद्या सकाळी पहिलं काम सलूनचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि तिचे पाय चेपत बसले.

पहाटे नलू गेली.

मशीन दहाव्याच्या आधीच आली. या वेळी बरोबर मशीन, बरोबर वायर, सोबत माफीचं छापील कार्ड. मुकेशनं ती न उघडता देव्हाऱ्याजवळच्या फळीवर ठेवली. नंतर कंपनीचा फोनही आला, यंत्राचा आवाज होता. तुमची तक्रार सुटली असेल तर एक दाबा, नसेल तर दोन. मास्तर तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकत बसले. कोणता आकडा दाबावा, ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी कंपनीचा फोन पहिल्यांदाच स्वतःहून ठेवला.

दहाव्याला सगळे नदीवर गेले. गावातला धीरज न्हावी वस्तरा घेऊन दगडावर बसला होता. मुकेशचं डोकं झालं, मिशीही उतरली. आईसाठी उतरवायचीच असते. मग मास्तर पुढे येऊन बसले. धीरजनं त्यांचं डोकं केलं, गाल केले आणि वस्तरा पाण्यात बुडवून तो थांबला.

"मिशी राहू देतो मास्तर," तो म्हणाला. "बायकोसाठी काढत नाई."

आजूबाजूच्या दोघातिघांनी माना डोलावल्या. बरोबर होतं. रीत तीच होती. भर रांगेत त्यांनी स्वतःच सांगितली होती ती, आणि लोक हसले होते, आणि नलूही हसली होती.

"काढ," मास्तर म्हणाले.

"पन मास्तर..."

"बायकोसाठीच काढ."

धीरजनं मुकेशकडे पाहिलं. मुकेश नदीकडे पाहत होता. मग धीरजनं साबण लावला आणि वस्तरा चालवला. पांढरे केस ओल्या दगडावर पडले. दोन मिनिटांचंही काम नव्हतं ते.

त्यानं सवयीनं आरसा समोर धरला. मास्तरांनी पाहिलं. वरचा ओठ उघडा होता, फिका, लहान पोराचा असावा तसा. इतके महिने तिला फक्त हा हवा होता. ते आरशाच्या जवळ सरकले आणि आवाज न काढता, एकेक शब्द सुटा करून ओठ हलवू लागले. आज गाडीत ड्रायव्हर पोरगा गल्ली चुकला, नलू. मांडवापुढे जाऊन उभा राह्यला. लोक नारळ घेऊन धावले...

"काय म्हनलं मास्तर?" धीरजनं विचारलं. "मले ऐकू नाई आलं."

मास्तर थांबले नाहीत. गोष्ट अजून पुरी व्हायची होती.